पहिलीच्या पोराला आधी त्याच्या भाषेत विचारा

जून तोंडावर आला आहे. राज्यात बहुतेक ठिकाणी महिन्याच्या मध्यावर आणि विदर्भात शेवटच्या आठवड्यात शाळा उघडतील. मेळघाटात, भामरागडच्या जंगलात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर हजारो पोरं पहिल्यांदा वर्गात पाऊल टाकतील. दाराला तोरण लागेल, हातात फूल येईल, नवी कोरी पुस्तकं मिळतील. मग गुरुजी बोलायला लागतील, आणि त्यातल्या कितीतरी पोरांना काय चाललंय ते कळणार नाही.

यंदा तसं होऊ देऊ नका. तुमच्या हातात अजून काही आठवडे आहेत.

कोरकू घरातलं सहा वर्षांचं पोर पहिल्या महिन्यात काय करतं, ते वर्गाच्या कोपऱ्यात बसून एकदा नीट बघा. गुरुजी म्हणतात, "पुस्तक काढा." पोर गुरुजींकडे बघत नाही. ते शेजारच्याच्या हातांकडे बघतं. शेजाऱ्याने पिशवीत हात घातला की तेही घालतं. सगळे हसले की हसतं. "समजलं का?" असा प्रश्न आला की सगळ्यांच्या सुरात "हो" म्हणतं, कारण मराठीतला तोच शब्द सगळ्यात आधी पाठ होतो. गुरुजींना वाटतं, पोर शांत आहे, गुणी आहे. दुसरीत वाटतं, जरा मंद आहे. तिसरीत त्याच्या नावापुढे 'अप्रगत' असा शेरा पडतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तोवर पोरालाही ते पटलेलं असतं.

त्या पोराला 'मंद' म्हणू नका. दुसऱ्या कुणाला म्हणू देऊ नका. घरी तेच पोर धाकट्या भावाला सांभाळतं, बकऱ्या ओळखतं, आजीची लांबलचक गोष्ट एकही दुवा न गाळता सांगतं. त्याची भाषा थांबलेली नाही. आपण ती दाराबाहेर थांबवली आहे.

आपल्याला वाटतं, ही सगळी मराठीचीच खेड्यातली रूपं असतील, चार दिवसांत पोर सरावेल. तसं नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. गोंडी द्राविडी आहे, तेलुगूच्या घराण्यातली. २०११ च्या जनगणनेत देशभर सात लाखांहून जास्त लोकांनी कोरकू आणि तीस लाखांच्या आसपास लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली. भिली, पावरी, वारली, कातकरी या मराठीला जवळच्या, पण तिथे फसगत जास्त होते. चार शब्द सारखे निघाले की गुरुजी निर्धास्त होतात. पोराला अर्धंच कळलंय, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

तुम्ही शिक्षक असाल तर सुट्टीतले हे दिवस वाया घालवू नका. गावात जा. एखाद्या आजीच्या ओट्यावर बसा. पाणी, भूक, पोट दुखतंय, बाहेर जायचंय, ये, बस, घाबरू नको, शाब्बास, एवढं तरी त्यांच्या भाषेत कसं म्हणतात ते वहीत देवनागरीत लिहून घ्या. शंभर शब्द पुरतात सुरुवातीला. उच्चार चुकतील, पोरं हसतील. हसू द्या. गुरुजीही चुकत चुकत शिकतात हे पोरांनी पाहिलं, तर वर्गातली निम्मी भीती तिथेच जाते. बदली होऊन नुकतेच आला असाल, गावची भाषा आयुष्यात कधी ऐकली नसेल, तर त्यात लाज नाही. तुमची नेमणूक करताना कुणी तुम्हाला ती विचारली नव्हती. पण आता विचारून घ्या.

भीती गेली म्हणजे शिकणं झालं, असं मात्र नाही. धोका पुढे आहे.

मे महिन्यात गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. घरातली सगळी माणसं पहाटे जंगलात जातात, दुपारी सावलीत बसून पुडे बांधतात. एका पुड्यात सत्तर पानं. आठ-नऊ वर्षांची पोरं त्या पुड्यांना हात लावतात. पान फाटकं निघालं तर बाजूला टाकतात आणि तेवढंच दुसरं घेतात. किती कमी पडली, किती जास्त झाली, हे त्यांना मोजून सांगावं लागत नाही. हिशेब गोंडीत चालतो: उंदी, रंड, मुंड, नालुंग. हीच पोरं जूनमध्ये वर्गात बसतात आणि सत्तरातून अठ्ठावीस वजा करायच्या शाब्दिक उदाहरणाला कोरी पाटी पुढे करतात. वजाबाकी अडलेली नसते. "उरले किती" हे शब्द अडलेले असतात.

म्हणून वजाबाकी गोंडीत होऊ द्या. विज्ञानातला पाऊस कोरकूत समजू द्या. विचार ज्या भाषेत पळतो, त्या भाषेत त्याला आधी पळू द्या, आणि मराठी रोज त्याच्या शेजारी ठेवा. भाताचं पऱ्हं आधी लहान वाफ्यात वाढवतात, मुळं धरली की मग बांधीत रोवतात. द्विभाषिक शिक्षण म्हणजे एवढंच. पहिलीत बराचसा वेळ घरची भाषा, आणि मराठी गोष्टीतून, खेळातून, गाण्यातून कानावर. दुसरी-तिसरीत मराठीचा वाटा वाढत जातो. पाचवीला येईस्तोवर पोर दोन्ही भाषांत वाचतं, लिहितं. आपल्याकडे तर एक मोठी सोय आहे. गोंडी-कोरकू देवनागरीत लिहिता येतात. 'क' एकदा ओळखला की तो दोन्ही भाषांत 'क'च राहतो. वाचायला माणूस एकदाच शिकतो.

"पण मग मराठी कच्ची राहील ना?" हा प्रश्न तुमच्या ओठांवर आहे, ठाऊक आहे मला. पाड्यावरचे आईबापही हाच विचारतात, आणि त्यांचा हक्कच आहे तो. दवाखान्यात, तहसीलला, बँकेत त्यांना मराठी येत नाही म्हणून किती वेळा ताटकळावं लागलं, ते तेच जाणतात. पोराचं तसं होऊ नये म्हणून ते म्हणतात, घरची भाषा घरी राहू दे, शाळेत मराठीच शिकवा, जमलं तर इंग्रजी शिकवा. त्यांना उडवून लावू नका. त्यांच्यापाशी बसा आणि जगात काय दिसून आलं ते साध्या शब्दांत सांगा.

सांगा की अमेरिकेत वेन थॉमस आणि व्हर्जिनिया कॉलियर या अभ्यासकांनी घरी इंग्रजी न बोलणाऱ्या लाखो विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना पाच-सहा वर्षं घरच्या भाषेतून आणि इंग्रजीतून असं दुहेरी शिकायला मिळालं, ती पोरं पुढे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या बरोबरीला आली. ज्यांना नुसतं इंग्रजीत ढकललं, ती सुरुवातीला बरी दिसली आणि वरच्या वर्गात मागे पडली. सांगा की नायजेरियात इफे इथे १९७० साली सहा वर्षांची प्राथमिक शाळा योरुबा भाषेतून चालवून पाहिली, इंग्रजी एक विषय म्हणून ठेवली. पोरं इंग्रजीतही मागे राहिली नाहीत. अशा अभ्यासांवर वाद होतात. कुठल्या शाळेचे शिक्षक मुळातच चांगले होते, हे वेगळं काढणं सोपं नसतं. पण घरच्या भाषेने पोरांचं नुकसान झालं, असं यांत दिसलेलं नाही.

आणि एक गोष्ट शिक्षकांनी, केंद्रप्रमुखांनी तर भिंतीवर लिहून ठेवावी. फळ लगेच दिसत नाही. अमेरिकेतल्याच, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सरकारी अभ्यासात, घरची भाषा लवकर सोडलेली मुलं आणि नुसतं इंग्रजीत शिकलेली मुलं तिसरीपर्यंत जवळपास सारखीच निघाली. फरक पडला तो घरची भाषा पाचवी-सहावीपर्यंत टिकवली तिथे. म्हणजे दुसरीतल्या चाचणीवर निकाल लावून प्रयोग गुंडाळू नका. आपल्याकडे नेमकं हेच होतं. साहेब बदलतो, उपक्रम बदलतो, कोरकूचे तक्ते कपाटावर जातात.

कॅनडातल्या जिम कमिन्स यांनी आणखी एक गोष्ट उलगडून दाखवली. नव्या भाषेत गप्पा मारायला पोराला साधारण दोन वर्षं लागतात. त्याच भाषेत धडा समजून घ्यायला, उत्तर मांडायला पाच ते सात वर्षं लागतात. तिसरीतलं पोर मैदानावर फर्डं मराठी बोलतं आणि पेपरात कोरं राहतं, ते यामुळे. "बोलायला तर येतं, मग अभ्यासच करत नाही," असं त्याच्या बापाला पालकसभेत सांगू नका. बाप घरी जाऊन पोराला मारतो.

हे सगळं कायद्याबाहेरचं, कुणाच्या मेहरबानीचं मागणं नाही. राज्यघटनेचं कलम ३५०-क सांगतं की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम २९ मध्ये, जमेल तिथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावं असं लिहिलं आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. ओडिशाने २००६-०७ मध्ये दहा आदिवासी भाषांतून सुरुवात केली, पुढे संख्या एकवीसवर नेली, त्या त्या भाषेचे शिक्षक नेमले. आंध्र प्रदेशाने त्याआधी, २००४ मध्ये, आठ भाषांतून काम सुरू केलं होतं आणि त्यांत गोंडीही होती. महाराष्ट्राला हे जमणार नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते. धारावीतल्या तमिळ पोरासाठी तमिळ शाळेची सोय होते, ती व्हायलाच हवी. मग धारणीतल्या कोरकू पोराला स्वतःच्या गावात स्वतःची भाषा परकी का?

इथे मला जरा स्पष्ट बोलू द्या. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणायचा निर्णय झाला तेव्हा आपण किती चिडलो होतो! लहानग्यांवर भाषांचं ओझं नको, आधी मातृभाषा पक्की होऊ द्या, असं आपण सभांमधून, वर्तमानपत्रांतून ओरडून सांगितलं, आणि जूनअखेर सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. आपण बरोबरच होतो. बेळगावात मराठी शाळांसाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या झगडताहेत, त्यांच्याही पाठीशी आपण उभे राहतो. मग तोच नियम चिखलदऱ्याच्या पोराला लावा. त्याच्यासाठी मराठी ही दुसरी भाषा आहे आणि २००० सालापासून इंग्रजीही पहिलीतच येऊन बसली आहे. पहिली कुठे आहे? मराठीचा अभिमान असलेल्या माणसाला हे आधी समजायला हवं. तुम्हाला समजतं, याची मला खात्री आहे.

वाट अगदीच अनोळखी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबादच्या टेकडीवर नेलं. वारली पोरं गुरांमागे जातात म्हणून अनुताईंनी कुरणातच शाळा भरवली. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी १९९० च्या दशकापासून पोरांची भाषा, त्यांचं जंगल, त्यांची नदी वर्गात आणली. २०१९ मध्ये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मान्यता नाही म्हणून तिला नोटीस आली. मातृभाषेत शिकवा असं सांगणारा कायदा आणि ही नोटीस पाठवणारा कायदा एकच आहे. यावर मी आणखी काय बोलू?

तुम्ही बोला. तुमच्या गावात बोला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा बायांच्या असतात. महिन्याला बैठक होते. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरते, कारण बैठकही मराठीत आणि भरभर चालते. पुढच्या बैठकीला जा. बैठक आपल्या भाषेत घ्या म्हणा, मराठीत नोंद गुरुजी करतील. पहिला ठराव हा करा: पहिली-दुसरीच्या वर्गात घरची भाषा बोलणारं एक माणूस रोज दोन तास तरी असेल.

ते माणूस कुठून आणायचं, असं विचारू नका. ते गावातच आहे. बारावी झालेली, लग्न ठरेपर्यंत घरी बसलेली एखादी मुलगी आहे. पोलीस भरतीची वाट बघणारा एखादा मुलगा आहे. मानधनाचा प्रश्न खरा आहे, पण पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो आणि शिक्षण हा त्याच्या खर्चाच्या बाबींमध्ये आहे. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. दर वेळी सिमेंटच उतरावं असं कुठे लिहिलं आहे? ग्रामसभेत विषय मांडा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला नियम काढून दाखवायला सांगा. काही अडलंच तर अडचण लेखी मागा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

घाई का, तेही बघा. दिवाळीनंतर मेळघाटातली घरं मजुरीला बाहेर पडतात. पोरं बरोबर जातात. म्हणजे जून ते दिवाळी एवढाच सलग काळ शाळेला मिळतो. त्यातले पहिले तीन महिने नुसतं शेजाऱ्याच्या हाताकडे बघण्यात गेले, तर पोर परत आल्यावर शाळेकडे फिरकतच नाही. मुलगी असेल तर भावंडं सांभाळायला ती घरी हवीच असते. पुढे पाचवीला आश्रमशाळा. तिथे घर नाही, आई नाही, आणि भाषाही नाही. पोरं पळून येतात. आपण म्हणतो, त्यांना शिक्षणाची आवड नाही.

जी टिकतात त्यांचंही ऐका. ती मराठी शिकतात, इंग्रजी शिकतात, आणि घरी आलं की आजीशी बोलायला कचरतात. शाळेने त्यांना न बोलता शिकवलेलं असतं की ती भाषा हलकी आहे. आई काही विचारते, पोर मराठीत तुटक उत्तर देतं. आईला निम्मं कळतं. एका घरात दोन पिढ्या अशा तुटतात, आणि त्याची नोंद कुठल्याही हजेरीपत्रकात होत नाही.

शहरात राहणाऱ्यांनो, तुम्ही दूर आहात असं समजू नका. दर हिवाळ्यात तुमच्याकडून स्वेटर, वह्या, दप्तरं भरून गाड्या येतात. त्यांचं मोल आहेच. यंदा एक पुस्तक छापून द्या. गावातल्या म्हाताऱ्याने त्याच्या भाषेत सांगितलेली गोष्ट, वर एक ओळ घरच्या भाषेची, खाली एक मराठीची, चित्रं पोरांनीच काढलेली. सोळा पानं म्हणजे छापखान्याचा एक फर्मा. तुमच्यात मुद्रक आहेत, चित्रकार आहेत, अक्षरजुळणी करणारे आहेत. गोष्ट निवडायला मात्र तुम्ही बसू नका. ती गावाला निवडू द्या, आणि सांगणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर घाला. दहा शाळांना पुरतील एवढ्या प्रती काढा. घरी कधीही छापील न पाहिलेली आपली भाषा पुस्तकात पाहिल्यावर पोरांचे चेहरे कसे होतात, ते बघायला स्वतः या.



आता वेळ थोडा आहे, म्हणून नेमकं सांगतो. शाळा उघडायच्या सुमारास गावोगाव शाळापूर्व तयारी मेळावा होतो. नोंदणी, भाषा, गणनपूर्व तयारी अशी टेबलं मांडतात. पहिलीला येणारं पोर आईचं बोट धरून एकेका टेबलापुढे उभं राहतं. रंग कोणता, फळ कोणतं, मोठं कोणतं, असं त्याला विचारतात आणि त्याच्या कार्डावर खूण करतात. पोराच्या नावापुढे शाळेची ही पहिलीच खूण. ती मराठीत विचारून झाली तर कोरकू पोर तिथेच नापास होतं, वर्ग सुरू व्हायच्या आधी.

मेळाव्याची तारीख आजच विचारून घ्या. मुख्याध्यापकांना फोन करा, अंगणवाडीताईंना गाठा, त्यांना भाषा येते, त्यांना बरोबर घ्या. प्रत्येक टेबलामागे गावातली एक बाई बसवा, जी पोराला त्याच्या भाषेत विचारेल. गोंडीत मोजलं तरी 'येतं' अशीच खूण करा. आईच्या हातात जे कार्ड देता, त्यावरचं तिला तिच्या भाषेत वाचून दाखवा, दोनदा दाखवा. आणि त्यांतली जी बाई पुढे वर्गात बसणार, तिचं नाव, तिची वेळ, तिचं मानधन हे सगळं ठरवून, लिहून, समितीच्या सह्या घेऊन मोकळे व्हा, म्हणजे मेळावा संपल्यावर दुसऱ्या दिवशीही ती वर्गात येईल.